अवैध

सहाला लाईन आली आणि मी फाईल उघडली.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामं.
एकशे बेचाळीस ओळी.
नागपूरहून सरांचा निरोप:
फक्त उजवीकडे लिही,
कंसातल्या शब्दाला हात लावू नको,
टक्क्याच्या खुणेला तर मुळीच नाही,
नाहीतर पानच उघडायचं नाही.

यंत्रानं केलेलं मराठी आधी होतंच.
तीन आठवडे चाललं ते पिंपळबोडीत,
मच्छीमार सोसायटीच्या खोलीत,
बर्फाच्या पेट्यांशेजारी,
याच डुगडुगत्या टेबलावर.

"हे क्षेत्र अनिवार्य आहे."
लाल अक्षरं बोटानं वाचत
अंतकलाबाई मेश्राम म्हणाल्या,
क्षेत्र त नाही जी आमाले.
सातबारा दुसऱ्याचा,
आमचं सारं पान्यात.
कागदाची घडी केली, निघाल्या.
मी हाक मारेस्तोवर तळ्याच्या पाळीवर पोचल्या.

रिकामी राहिली होती
पिनकोडची चौकट.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, पिशवीत शाळेचा दाखला.
जन्म मारबतीच्या दिवशीचा,
ज्या साली बोडी फुटली त्या साली,
पण गुरुजींनी जून लिहिला होता, एकतीस जून.
मी दाखल्यावरचंच टाकलं, हात सवयीनं चालतो.
"जन्मतारीख अवैध आहे."

अवैध हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना येतो.
वैनगंगेची रेती रात्री जाते, ती.
जंगलातली मोहाची भट्टी, ती.
ट्रॅक्टर पकडला की पेपरात तोच, जाड अक्षरात.
बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या,
मग माझ्याकडे न बघता:
माहा जन्म अवैध हाय का जी?
आणि थोड्या वेळानं,
मायले इचारलं असतं. पन ते त नाही आता.

त्या रात्री मी फाईल मागून घेतली.

इंग्रजीला कुणाचं लिंग विचारावं लागत नाही.
मराठीत पहिल्या शब्दालाच अडतं:
चुकीचा की चुकीची की चुकीचं?
कंसातला शब्द काही सांगत नाही,
कधी तारीख येईल तिथं, कधी गाव, कधी नवरा.
यंत्रानं सगळ्यांना पुरुष करून टाकलं होतं:
वय चुकीचा आहे,
सही चुकीचा आहे,
आईचे नाव चुकीचा आहे.

मी "चुकीचं"च काढून टाकलं.
"हे पुन्हा एकदा बघा" लिहिलं.
"क्षेत्र" काढलं, "इथं लिहायचं राहिलं" लिहिलं.
सर म्हणाले, संदेश लांब झालेत,
चौकटीबाहेर सांडतात.
म्हटलं, चौकट तुमच्याकडे आहे ना.

तारखेच्या ओळीला दोन संध्याकाळी गेल्या.
"ही तारीख कॅलेंडरात सापडत नाही.
महिन्यात तेवढे दिवस आहेत का, मोजून बघा."
अंतकलाबाईंना बोलावून दाखवलं.
बोटाच्या पेरांवर जून मोजला त्यांनी,
तिसावर थांबल्या.
म्हंजे गुरुजीचं चुकलं, म्हणाल्या, माहं नाही.
आणि इतक्या हसल्या
की बर्फ फोडणारा पोट्टा दारात येऊन उभा राहिला.

एक ओळ मात्र तशीच आहे, सत्त्याण्णवावी.
"आडनाव किमान चार अक्षरांचे असावे."
देवांगना उके तीनदा येऊन गेली.
तिची अक्षरं दोन,
यंत्र मोजतं तीन,
मात्रा त्याला वेगळी दिसते,
आम्हाला शाळेत ती क-च्या डोक्यावर ठेवायला शिकवलेली.
तरी एक कमीच पडतं.
परवा म्हणाली, ताई, मांगं काही जोडू का?

नियम नागपूरचा, माझे फक्त शब्द.
मेल टाकून नऊ दिवस झाले.
नियम नीट, गोड करून सांगता येईल मला, येतं मला ते आता,
पण त्या ओळीची उजवी बाजू
मी रिकामीच ठेवली आहे.